चाव्या देण्याआधी

ओटा नंतर बघा.
डेल्फीन दाखवेलच तुम्हाला, ग्रॅनाइट, सहा बर्नर,
ते सगळं खरं आहे.
आधी इथे बसा, व्हरांड्यात, पंख्याखाली,
टूसॉनचं ऊन पाहुण्यांना सवलत देत नाही.
आणि हे मांडीवर घ्या.
एकशे बारा पानं.
क्वेल हॉलो घरमालक असोसिएशन.
कव्हरवर लावा पक्षी आहे.
एकवीस वर्षांत मी एकच लावा पाहिला,
तोही पोहण्याच्या तलावात पडलेला.

घराचं कर्ज फिटतं कधीतरी.
ही वर्गणी फिटत नाही.
आम्ही आलो तेव्हा महिना बासष्ट डॉलर,
आता दोनशे अठरा,
आणि ज्या वर्षी क्लबहाउसचं छप्पर गेलं
त्या वर्षी घरामागे चार हजार, एकरकमी,
कारण गंगाजळीत निघाली नुसती वाळू.
तेव्हा विचारा, गंगाजळी किती?
डेल्फीन म्हणेल, उत्तम आहे.
आकडा मागा.
तीन वर्षांची इतिवृत्तं मागा.
कोण कोणावर ओरडलं ते त्यात नसतं,
पण ‘विषय पुढील सभेत’ किती वेळा आलंय ते मोजा.
वर्गणी थकली तर घरावर बोजा चढतो.
पान अडतीस.
तो बेल वाजवत नाही.

रंग अकरा आहेत. सगळे मातीचे.
पालो व्हर्दे चालतं, लिंबू चालत नाही.
का, ते विचारू नका. मी विचारलं होतं.

मला कसं माहीत?
सहा वर्षं ही पत्रं मीच लिहिली, कोरिन.
चिटणीस, बिनपगारी.
‘आपल्या निदर्शनास आणण्यात येते की’
कोणाकडून, ते त्या वाक्यात नसतं.
ती मी.

अमादो रुएलासला पंचवीस डॉलर दंड,
वाऱ्यावर वाजणाऱ्या पितळी नळ्यांसाठी.
बायकोनं टांगल्या होत्या, जायच्या आधीच्या उन्हाळ्यात.
मला ठाऊक नव्हतं.
ठाऊक असतं तरी पत्र गेलंच असतं.
कलम पाठ होतं: सात, चार, ब.

मग व्हर्जिलचे पाय गेले.
दारापुढे तीन पायऱ्या आहेत.
आत्ता चढून आलात, मोजल्या नसतील.
रॅम्पचा अर्ज मीच केला,
मीच त्यावर ‘प्राप्त’ असा शिक्का मारला,
आणि मीच मला कळवलं
की वास्तुसमिती दुसऱ्या मंगळवारी बसते.
तो बुधवार होता.
मधल्या चौतीस दिवसांत
रोज सकाळी आणि पुन्हा दिवेलागणीला
अमादो आला, थोरल्या मुलाला घेऊन.
खुर्ची उचलली, खाली ठेवली.
उचलली, वर ठेवली.
बोलला एकदाच:
‘तुमची टपालपेटी भरलीय, मिसेस हॅडली.’

मंजुरी आली. रंग क्रमांक नऊ.
मी चिटणीसपद सोडलं,
फार उशिरा, आणि त्याचं कौतुक नको.

घर घेऊ नका असं म्हणत नाहीये.
रस्ते झाडलेले असतात,
अंगणात कोणी मोडकी गाडी उभी करत नाही,
मला ते आवडायचं. अजून आवडतं.
घर पाहावं बांधून, असं म्हणतात;
इथलं पाहावं वाचून.
मोठ्यानं वाचा, एकमेकांना, जेवण झाल्यावर.
भांडलात तर सहीआधी भांडलात, तेवढंच बरं.
एका सभेला जा, मागच्या रांगेत बसा.
टेट, तुमचा ट्रक किती फुटी आहे?
पान एकोणसाठ. बघाच.

आणि उजवीकडच्या घराची बेल वाजवा.
त्याला पान नाही.

ऐकू येतंय?
नाही, पंखा नव्हे. त्याच्या मागे.
सात, चार, ब.
पाच वर्षांत कोणी तक्रार केलेली नाही.
तुम्हाला करता येईल.
फॉर्म शेवटच्या पानावर आहे.